मुलांसह परदेश सहल: शहरे मोजू नका, रात्री मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना किंवा दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकात परदेश सहलींच्या जाहिराती सुरू होतात. ‘९ रात्री, ५ शहरे’, ‘१२ वर्षांखालील मूल मोफत’. सोलापुरातल्या कुटुंबांची परदेशातली हॉटेले ठरवून देणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. आमच्या मते मुलांसह निघालेल्या कुटुंबाची सहल बिघडते ती नेमकी या दोन वाक्यांपाशी. जाहिरातीत जे छापलेले नसते ते वाचकांपुढे यावे, म्हणून हे पत्र.

आधी शहरांचे बघू. हॉटेल बदलायचा दिवस आला की अर्धा दिवस गेलाच समजा. सकाळी ११ ला खोली सोडायची, नवी खोली दुपारी ३ ला मिळणार. मधल्या वेळात प्रवास, जेवण, बॅगा आणि पेंगुळलेली मुले. पाच शहरे म्हणजे चार वेळा हा कार्यक्रम, म्हणजे पैसे भरलेल्या सहलीतले दोन दिवस बॅगा भरण्या-उपसण्यात. मुले दहा वर्षांच्या आतली असतील तर नऊ रात्रींना तीन हॉटेले पुरेत. एका रात्रीचा मुक्काम तर नकोच. क्वालालंपूरला राहून गेंटिंग हे डोंगरावरचे ठिकाण एका दिवसात होते, तासा-सव्वा तासाचा रस्ता आहे. वर डोंगरावर एक रात्र घातली की यादीत एक ठिकाण वाढते, एवढाच फायदा. सिंगापूरहून क्वालालंपूरला बसने जाणार असाल तर पाच-सहा तास धरा. सिंगापूर सोडताना एकदा आणि मलेशियात शिरताना पुन्हा, या वेळी बॅगांसह, खाली उतरावे लागते. त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये.

स्वित्झर्लंडमध्ये लुझर्न किंवा इंटरलाकेन यांपैकी एकच गाव धरून चार रात्री काढाव्यात. लुझर्नहून टिटलिस आणि इंटरलाकेनहून युंगफ्राउयोख ही बर्फाळ डोंगरांवरची ठिकाणे सकाळी निघून संध्याकाळपर्यंत आरामात होतात. स्विस ट्रॅव्हल पासवर (रेल्वे, बस, बोटींना चालणाऱ्या एकाच तिकिटावर) सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही आणि ६ ते १५ वयाच्या मुलांना आई किंवा वडिलांबरोबर फॅमिली कार्डावर मोफत प्रवास मिळतो. त्यामुळे एका जागी राहून रोज रेल्वेने फिरणे खिशाला फार जड जात नाही. शिखरापर्यंत नेणाऱ्या गाडीचे मोठ्यांचे तिकीट मात्र पासवर सवलत मिळूनही वेगळे काढावे लागते, ते बजेटमध्ये धरा.

पहिल्या हॉटेलच्या तारखेत हमखास घोळ होतो. समजा मुंबईहून सिंगापूरचे विमान १२ तारखेच्या पहाटे २.३० चे आहे. म्हणजे ११ च्या रात्री विमानतळावर पोहोचायचे, म्हणजे ११ च्या सकाळीच सोलापूर सोडायचे. तिकिटावरचा १२ आकडा बघून १२ च्या दुपारची गाडी काढणारे निघतातच. तर ११ ला सकाळी वंदे भारतने निघालेले कुटुंब साडेपाच तास उडून, घड्याळ अडीच तास पुढे करून, १२ ला सकाळी साडेदहाच्या सुमारास सिंगापूरला उतरते. इमिग्रेशन आणि टॅक्सी होऊन बारापर्यंत हॉटेलात. खोली ३ वाजता. घर सोडून तीस तास व्हायला आले तरी मुलांची पाठ अंथरुणाला टेकलेली नसते. अशा वेळी लवकर खोली द्यायला किती पैसे घेणार, हे आधीच लेखी विचारून ठेवावे. निम्म्या दिवसाचे भाडे पडले तरी द्यावे. विमान पहाटे ५-६ ला उतरत असेल तर सरळ आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी. पण तेव्हा ‘आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे येणार’ हे हॉटेलला ईमेलने कळवलेच पाहिजे. नाहीतर पाहुणा आला नाही म्हणून रात्रीच ‘नो शो’ पडतो आणि पुढच्या सगळ्या रात्रीही रद्द होतात. तसेच मध्यरात्रीनंतर साडेबाराला उतरणार असाल तर आदल्या तारखेची रात्र लागते, हेही बुकिंग करताना विसरले जाते.

आता ‘मूल मोफत’. मोफत असते ते राहणे, बेड नव्हे. आमच्या धंद्यात ‘चाइल्ड विथ बेड’ आणि ‘चाइल्ड नो बेड’ असे दोन दर असतात. जाहिरातीतला स्वस्त आकडा बहुधा दुसऱ्याचा असतो, म्हणजे मुलाने आई-वडिलांच्याच पलंगावर झोपायचे. त्यात सकाळचा नाश्ता धरलेला असेलच असे नाही. शिवाय ‘मूल’ किती वर्षांपर्यंत, हे प्रत्येक हॉटेलचे वेगळे: कुठे ५, कुठे ११, कुठे १७. वय मोजतात ते त्या हॉटेलात पाऊल ठेवायच्या दिवशी पूर्ण झालेले. एकापेक्षा जास्त मुक्कामांच्या सहलीत याचा चटका बसतो. सहलीच्या मधल्या दिवशी मुलाला बारा पूर्ण झाली, तर पहिल्या हॉटेलात तो मूल असतो आणि तिसऱ्यात मोठा माणूस. विमानातही तसेच: जाताना मांडीवर बसलेल्या बाळाला परतीच्या आधी दोन वर्षे पूर्ण होत असतील तर येताना त्याला स्वतंत्र सीट लागते.

सगळ्यात महागात पडते ती एक चलाखी. ऑनलाइन शोधताना ‘२ मोठे’ एवढेच टाकायचे, मुले टाकायचीच नाहीत, कारण भाव कमी दिसतो. आपल्याकडे खपून जाते. युरोपात आणि सिंगापुरात खोलीत किती माणसे झोपू शकतात हा आकडा आगीच्या नियमांशी बांधलेला असतो आणि रिसेप्शनवर प्रत्येकाचा पासपोर्ट बघतात. मग दुसरी खोली घ्या, तीही त्या दिवशीच्या भावाने. हॉटेल भरलेले असेल तर रात्री बॅगा आणि मुले घेऊन दुसरे हॉटेल शोधा. व्हाउचरवर, म्हणजे हॉटेलच्या आरक्षणाच्या कागदावर, सगळ्यांची पासपोर्टप्रमाणे नावे आणि मुलांची वये छापलेली असली पाहिजेत. शेंगेन व्हिसासाठीही (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) प्रत्येक रात्रीचे, प्रत्येक नावाचे आरक्षण दाखवावे लागते. अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा आणि रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी शिरणार त्याच्याकडे. म्हणजे हॉटेलांच्या रात्री ठरल्याशिवाय व्हिसाचा अर्ज कुठे करायचा हेच ठरत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येणारेच दर घ्यावेत. रद्द करायची मुदत हॉटेलच्या गावच्या घड्याळाने चालते.

पलंगाचे माप हा आणखी एक न छापलेला मामला. आपल्या घरचा डबल बेड सहा फुटी. आई, बाबा आणि मधे एक लेकरू ही सवय. फ्रान्समधल्या जुन्या हॉटेलांत डबल बेड म्हणजे १४० सेंटिमीटर, साडेचार फुटांना थोडा वर. जपानच्या बिझनेस हॉटेलांत ‘सेमी डबल’ त्याहून अरुंद, आणि खोली १२ ते १५ चौरस मीटरची. चौरस मीटरला पावणेअकराने गुणले की चौरस फूट मिळतात: १२ चे झाले सुमारे १३०. त्यात दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही. चौघांसाठी २२-२५ चौरस मीटरखाली आम्ही खोली सुचवत नाही. सिंगापुरात स्वस्त खोल्यांना खिडकीच नसते, तेही पानावर कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेले असते.

दोन मोठे आणि दोन मुले असतील तर तीन वाटा आहेत: चौघांची फॅमिली रूम, मधे दार असलेल्या दोन खोल्या, किंवा स्वयंपाकघरासह सर्व्हिस अपार्टमेंट. तीन रात्री किंवा अधिक असतील तर आमचा कौल अपार्टमेंटला. शेगडी, फ्रिज, बहुधा कपडे धुण्याचे यंत्रही मिळते. सहलीच्या मध्यावर असे एक ठिकाण घातले की निम्मे कपडे घरीच ठेवता येतात. दोन खोल्या घेताना ‘शेजारी’ आणि ‘आतून दाराने जोडलेल्या’ यांत फरक आहे. शेजारच्या खोलीत आठ वर्षांचे मूल एकटे झोपणार नाही, आणि हॉटेलही दर खोलीत एक मोठा माणूस मागते. जादा खाट किंवा पाळणा, दोन्हींपैकी एकच मिळेल असा नियम कित्येक हॉटेलांत असतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर न्हाणीघर विचारा. टबची दीड-दोन फूट उंच कड ओलांडून अंघोळ करणे गुडघे दुखणाऱ्याला जमत नाही. सपाट फरशीचा शॉवर मागून घ्यावा लागतो. पॅरिसच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते किंवा असली तर दोन माणसे आणि एक बॅग एवढीच. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच हॉटेलांना एसी नाही; सोलापूरकर त्यावर हसतात, पण जुलैतल्या उष्णतेच्या लाटेत पंखाही नसलेली बंद खोली आपल्यालाही सोसत नाही.

हे सगळे बुकिंगच्या ‘विशेष विनंती’च्या चौकटीत लिहून भागत नाही. ती विनंतीच राहते. बुकिंग झाल्यावर हॉटेललाच ईमेल करावा, चार ओळींचा: आरक्षण क्रमांक, माणसे आणि मुलांची वये, कोण कोणत्या पलंगावर झोपणार, येण्याची वेळ. शेवटी विचारावे की जादा खाट नक्की आहे का आणि रात्रीला किती पैसे. उत्तरात ‘उपलब्धतेनुसार’ असा शब्द आला तर ती खाट नाही असेच धरा. उत्तराची छापील प्रत बरोबर ठेवा. सकाळी ईमेल लिहिणारा कर्मचारी रात्री काउंटरवर नसतो.

खाण्याचे थोडक्यात. शेंगा चटणी आणि कडक भाकरी कुठेही टिकते. मात्र फराळ जपून: खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात बंदी असलेल्या वस्तूंत आहे, त्यामुळे अनारसे, खसखस घातलेल्या करंज्या आणि काळा मसाला घरी ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दूध, तूप, पेढे नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे. खोलीत इंडक्शन लावून खिचडी टाकू नये, धुराची घंटा वाजली तर दंड बसू शकतो. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, तिथे आपली किटली पाणी कोमटच करते. काही हॉटेलांतल्या मिनीबारला सेन्सर असतो. मुलाचे दूध ठेवायला बाटल्या हलवल्या की बिलात त्या लागतात. आत शिरताच तो फ्रिज रिकामा करून द्यायला सांगावे. आणि जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, स्टेशनातली तेवढी उघडी. रविवारी नव्या गावी पोहोचणार असाल तर दूध-ब्रेड शनिवारीच घ्या.

पैशांत दोन गोष्टी हिशेबाबाहेर राहतात. एक, स्थानिक कर, जो बहुधा ऑनलाइन भरलेल्या रकमेत नसतो. मलेशियात परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे रात्रीला १० रिंगिट, दुबईत हॉटेलच्या दर्जाप्रमाणे ७ ते २० दिरहम, ॲमस्टरडॅममध्ये भाड्याच्या १२.५ टक्के. रोममध्ये दर माणशी घेतात, पण दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. पॅरिसमध्ये अठराखालच्यांना माफ. बिलात मुले धरली असतील तर तिथेच दाखवून कमी करून घ्यावे. दुसरी, अनामत. खोली देताना कार्डावर काही रक्कम अडकवतात आणि ती सुटायला आठवडा-पंधरवडा लागतो. तीन हॉटेले ओळीने असली की तिन्हींच्या अनामती एकाच वेळी अडकलेल्या असतात आणि तिसऱ्या गावी कार्ड नाकारले जाते. डेबिट कार्डावर तर खात्यातले खरे पैसे अडकतात. अनामतीसाठी क्रेडिट कार्डच वापरा, निघण्यापूर्वी मर्यादा वाढवून घ्या, आणि मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारले तर स्थानिक चलन निवडा.

आमच्यासह शहरातल्या सर्व व्यावसायिकांना आणि जाहिराती स्वीकारणाऱ्या वृत्तपत्रांनाही आमचे सांगणे असे: ‘मूल मोफत’ छापायचे असेल तर त्याच ओळीत वयाची मर्यादा, बेड आहे की नाही आणि नाश्ता आहे की नाही, हे तिन्ही छापावे. शहरांच्या नावांपुढे प्रत्येक ठिकाणच्या रात्री आणि हॉटेलचे नाव असावे; ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द असतील तर निघण्याच्या किती दिवस आधी नक्की नाव कळणार, तेही असावे. ग्राहकानेही पहिला हप्ता भरण्यापूर्वी एवढे लेखी मागून घ्यावे. द्यायला टाळाटाळ झाली तर हप्ता थांबवावा.

आपले,
परदेश सहलींचे आरक्षण करणारे काही व्यावसायिक,
सोलापूर