पाटकरी आबांना, पाण्याच्या बारीबद्दल

आबा, रामराम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. घाईघाईने वाचू नकोस, असं मी त्याला बजावून ठेवलंय. चारचौघांत लिहितोय, कारण आपल्या गावची निम्मी पोरं सुरतेला, नाशिकला, पुण्याला आहेत आणि तुम्ही यंदा पाटकरीचं, म्हणजे पाट राखायचं आणि पाळीपाळीने पाणी सोडायचं काम सोडलंत हे त्यांनाही कळायला हवं. गुडघे चालेनात म्हणून तुम्ही पावडं भिंतीला टेकवून ठेवलंत. दुसऱ्या दिवशी पाटावर गेलो तर वरच्या बाजूने तुमची बॅटरी येताना दिसली नाही. तेव्हाच ठरवलं, की आता लिहायचं.

वडील गेले त्याला तीन वर्षं झाली. नोकरी सोडून मी गावी आलो तेव्हा शेत म्हणजे सातबाऱ्यावरचे आकडे, एवढंच मला ठाऊक. चार फडांत, म्हणजे पाटाखालच्या चार मोठ्या पट्ट्यांत, चार तुकडे कशाला, सगळी जमीन एका जागी का नाही, असं मी वैतागून विचारलं होतं. तुम्ही खाली बसलात आणि काडीने मातीत रेघा ओढल्या. हा बंधारा, हा पाट, ह्या चाऱ्या, हे चार फड. एका फडात सगळ्यांचा ऊस, दोन फडांत हंगामाची पिकं, एक फड विश्रांतीला. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा, म्हणजे पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी पडणार आणि भरपूर आलं तर सगळ्यांचंच पिकणार. दगड-चुन्याचा बंधारा, ना मोटर ना वीज, पाणी आपलं उताराने चालतं आणि उरलेलं परत पांझरा नदीत जातं. तीनशे वर्षांहून जुनी ही रीत पांझरेवर आहे, मोसम नदीवर आहे, आराम नदीवर आहे. इंजिनिअर झालेल्या मला ती तुमच्या काडीने समजली.

आता एक गोष्ट सांगतो, जी आजवर फक्त तुम्हाला आणि मला माहीत होती. पहिल्याच वर्षी, गव्हाच्या दुसऱ्या पाण्याला, माझी बारी, म्हणजे पाण्याची पाळी, संपल्यावरही मी बारं, म्हणजे चारीतून शेतात पाणी घ्यायचं तोंड, बंद केलं नाही. अर्धा तास. अंधारात कोण बघतंय, असं मनात आलं होतं. माझ्या खालच्या तुकड्यात एक विधवा काकू एकट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या चारीत पाणी येत नव्हतं. तुम्ही आलात, काही न बोलता मातीचे चार पावडे टाकून बारं बुजवलंत आणि काकूंच्या बाजूला निघून गेलात. त्यांचं भरणं होईपर्यंत तिथेच उभे राहिलात. सकाळी चहाला आमच्या ओट्यावर आलात. मला वाटलं, आता पंचांपर्यंत जाणार. तुम्ही बशीत चहा ओतला आणि एवढंच म्हणालात, "पानी आपलं नही रे भो, बारी आपली शे."

ती गोष्ट तुम्ही कुठेही काढली नाहीत. कट्ट्यावर नाही, माझ्या आईजवळही नाही. गावात राहायचं की परत जायचं याचा माझा निर्णय त्या सकाळी झाला, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

त्यानंतर मी तुमच्या मागे रात्री पाटाने चालायला लागलो. खेकड्याचं बीळ कुठे आहे हे तुम्हाला बॅटरी न लावता कळायचं. पाण्याचा आवाज जरा पातळ झाला की तुम्ही थांबायचात, अनवाणी पाय काठावर फिरवायचात आणि "अठे" म्हणायचात. मग गवताची पेंडी, वर चिखल, वर टाच. बोअर पाडायचं माझ्या डोक्यात होतं, मशीनवाल्याशी बोलणंही झालं होतं. पाडू नको, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पाटाच्या खालच्या अंगाच्या विहिरी तेवढ्या दाखवल्यात, एकेक करून. पाट वाहता असतो तेव्हा त्यांना पाणी असतं. मग बंद पडलेल्या एका फडाच्या विहिरीवर नेलंत. तिच्या तळाला बाभूळ उगवली होती. मशीनवाल्याला मी दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं.

आणि ती टिटवी.

चैत्र संपत आला होता, उसाच्या फडात माझी बारी, रात्रीचे दोन. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती. मला वाटलं साप असेल. तुम्ही बॅटरी खाली धरून सरीत सावकाश चाललात आणि वाकलात. दोन सऱ्यांच्या मधे, ढेकळांत, चार अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळपट ठिपके, चारही निमुळत्या टोकाने आत तोंड केलेली. मी तिथे उभा असतो तर माझा पायच पडला असता. पाणी वीस-पंचवीस पावलांवर आलेलं, चारीतून सरसर पुढे सरकत होतं.

"तिनं घर शे ते भो. वल्लं करू नको."

तुम्ही पावडं घेतलंत आणि त्या जागेभोवती गुडघाभर वरंबा घातलात. तेव्हाही तुमचे गुडघे दुखत होते, मला आठवतंय. उठताना तुम्ही माझ्या खांद्याला धरलं होतं. पाणी वरंब्याला लागलं, थबकलं आणि वळून गेलं. दोन सऱ्या कोरड्या राहिल्या. सकाळी मी बादलीने पाटातून पाणी आणून त्या दोन सऱ्यांतला ऊस भिजवला, बुडख्याबुडख्याला, अंड्यांपासून लांबून. प्रत्येक बारीला तेच. तुम्ही बांधावर बसून बघायचात. तेव्हाच मी ते पाहिलं: दुपारच्या उन्हात टिटवी पाटाच्या काठाला पाण्यात बसायची, पोट भिजवायची आणि तशीच ओल्या पोटाने परत अंड्यांवर जाऊन बसायची. म्हणजे तीही पाटाचंच पाणी नेत होती. तुम्ही म्हणालात, तिचीही बारी आहे.

चारेक आठवड्यांनी अंडी फुटली. पिल्लं त्याच दिवशी पळायला लागली. आई ओरडली की जिथल्या तिथे ढेकूळ होऊन बसायची. दोन मी मोजली, चारही तुम्हाला दिसली.

त्याच वर्षी अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वडिलांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. आईने डांगर, म्हणजे खरबूज आणलं, आंबे आणले, पुरणाचं सगळं केलं. मी नळाचं पाणी भरायला घेतलं, तेवढ्यात तुम्ही दारात आलात. हातात तांब्याची कळशी, बंधाऱ्यावरून भरून आणलेली. वडिलांनी चाळीस वर्षं हेच पाणी पायाखाली घेतलं, आज दुसरं कशाला, असं म्हणालात. एवढ्या उन्हात तुम्ही दीड कोस चालत गेला होतात. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी तुमच्या हातातून कळशी घेतली, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून तो आज लिहितोय: आबा, मी तुमचा फार आभारी आहे.

तुम्ही सत्तरी ओलांडलेले, मी चाळिशीच्या अलीकडचा. तुम्ही मला भो म्हणता, मी तुम्हाला आबा. पण माझा मित्र कोण, असं कुणी विचारलं तर मी तुमचंच नाव घेतो.

फडांचं पुढे काय होईल, ही काळजी मला आहे. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी झाल्या, बोअर झाले, कितीतरी फड मोडले. आपल्याकडे नवा पाटकरी अजून ठरत नाही. तोपर्यंत रात्रीची फेरी मी आणि तुमचा नातू वाटून घेतोय. परवा त्याने एक बीळ आवाजावरून शोधलं. मला ऐकूच आलं नव्हतं. टिटवी यंदा हरभरा निघालेल्या मोकळ्या फडात बसली आहे, तिथे पाणी जात नाही, तेव्हा काळजी नको.

अखजीला घरी या. डांगर मी आणून ठेवतो, आई खापरावरच्या पुरणपोळ्या करणार आहे. मोटारसायकलवर बसवून तुम्हाला आधी बंधाऱ्यावर नेतो. कळशी तुमच्या हातानेच भरायची आहे.

तुमचा,
खालच्या चारीवरचा भो