बेकार बापाच्या डोक्यावरचे सरकारी कर्ज : विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. गव्हर्नर,
विस्कॉन्सिन राज्य, मॅडिसन

महोदय,

मिल्वॉकीच्या उत्तर भागात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, लग्न न झालेल्या एखाद्या जोडप्याला मूल होते. आईचे बाळंतपण मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर होते. मग राज्याच्या कायद्याने कौंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनाला, त्या बाळाच्या बापाकडून बाळंतपणाच्या खर्चाचा वाटा वसूल करता येतो. हा पैसा बाळाच्या दुधाला जात नाही, आईच्या हातात पडत नाही. तो सरकारी तिजोरीत जातो. मूल रांगायला लागायच्या आत बाप सरकारचा देणेकरी झालेला असतो. देशात अशी वसुली अजून करणारी राज्ये फार थोडी आहेत. आपल्याच राज्यातल्या डेन कौंटीने, जिथे आपली राजधानी आहे, २०२० पासून ती थांबवली. ही तरतूद कायद्यातूनच काढून टाकण्यासाठी आपण विधिमंडळात जोर लावावा, ही माझी पहिली मागणी.

मी मिल्वॉकीच्या पश्चिमेला ब्रुकफिल्डमध्ये राहतो आणि एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. नव्या माणसांच्या मुलाखती घेणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत ते मुद्दाम लिहितो आहे, कारण आम्ही मराठी माणसे या उपनगरांत मोठ्या पगारावर आहोत, कुणाला नोकरी द्यायची हे ठरवणाऱ्या खुर्च्यांवर आहोत, आणि कृष्णवर्णीयांबद्दलचे "त्या लोकांना काम नकोच असते" हे वाक्य आमच्या दिवाणखान्यांतही ऐकू येते. ज्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दलित आणि कृष्णवर्णीय या दोन्ही समाजांच्या दुःखाचे नाते सांगितले, त्यांचे नाव घेणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही.

काम नको असते, हे खरे नाहीच. दक्षिणेतून या शहरात आलेली आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबे कामासाठीच आली होती. ए. ओ. स्मिथच्या कारखान्यात मोटारींच्या चासी बनत, वेस्ट ॲलिसमध्ये ॲलिस-चामर्स होती, श्लिट्झ आणि पॅब्स्टच्या ब्रुअऱ्या होत्या. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसालाही युनियनचा पगार, घराचा हप्ता आणि म्हातारपणी पेन्शन मिळण्याची वाट होती. श्लिट्झ १९८१ मध्ये बंद झाली, ॲलिस-चामर्स १९८७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पॅब्स्टने १९९६ मध्ये कुलूप लावले. ए. ओ. स्मिथची जागा शेवटी शहराने विकत घेतली आणि तिला 'सेंच्युरी सिटी' असे नाव दिले. मिल्वॉकी महानगरात १९७० मध्ये कामाच्या वयातल्या सुमारे ७३ टक्के कृष्णवर्णीय पुरुषांना काम होते. २०१० मध्ये ते प्रमाण ४५ टक्क्यांच्याही खाली गेले. चाळीस वर्षांत एका समाजाच्या पुरुषांची कामाची हौस अशी उडून जात नाही. काम गेले, हेच त्याचे उत्तर आहे.

बेकारीचे सरकारी आकडे १९७२ पासून पाहिले, तर कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या साधारण दुप्पट राहिला आहे, तेजीतही आणि मंदीतही. शिवाय तुरुंगातला माणूस या मोजणीत धरलाच जात नाही. २०१० च्या जनगणनेनुसार विस्कॉन्सिनमधले कामाच्या वयाचे जवळपास १३ टक्के कृष्णवर्णीय पुरुष तुरुंगात होते, देशात सर्वांत जास्त. म्हणजे खरे चित्र छापील आकड्यापेक्षा वाईट आहे.

आणि ही माणसे सुटून आली की? डेव्हा पेजर या संशोधिकेने २००१ मध्ये याच मिल्वॉकीत तरुणांना जोडीजोडीने नोकरीच्या अर्जासाठी पाठवले होते. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, बोलणे-चालणे सारखे. ज्याच्यावर गुन्ह्याची नोंद नाही अशा गोऱ्या तरुणाला ३४ टक्के ठिकाणांहून पुढचे बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्याला १७ टक्के ठिकाणांहून. काहीही नोंद नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला १४ टक्के आणि नोंद असलेल्याला ५ टक्के. तुरुंगातून आलेला गोरा मुलगा निष्कलंक कृष्णवर्णीय मुलाच्या पुढे होता. माझ्या मराठी सहकाऱ्यांनी हे चार आकडे टेबलावर चिकटवून ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.

अशा माणसाच्या मागे आपले सरकार वसुली लावते. बाळंतपणाच्या खर्चाशिवाय मुलांच्या पोटगीचा हुकूम असतोच, आणि पोटगी देणे हे बापाचे कर्तव्य आहे यात मला शंका नाही. पण नोकरी गेली म्हणून पोटगी आपोआप कमी होत नाही. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि जो नोकरीच्या शोधात वणवण करतो आहे, त्याला हे कुणी सांगितलेलेच नसते. १९८६ च्या संघीय कायद्याने न्यायालयाला मागची थकबाकी नंतर कमी करता येत नाही. तिच्यावर व्याज चढते. वाहन परवाना निलंबित होऊ शकतो. न्यायालयाच्या अवमानाखाली तुरुंग होऊ शकतो. सलग १२० दिवस पोटगी दिली नाही, तर आपल्या राज्यात तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, म्हणजे पुन्हा तीच नोंद आणि पुन्हा तोच पाच टक्क्यांचा दरवाजा. नोकरी लागलीच, तर थकबाकीदाराच्या हातात पडणाऱ्या पगारातून ६५ टक्क्यांपर्यंत कपात करायला कायदा परवानगी देतो. पहिल्या पगाराची चिठ्ठी पाहून दुसऱ्या आठवड्यात कामावर न आलेली माणसे मी पाहिली आहेत. ती आळशी नव्हती. रोख पैशावर कुठेतरी छप्पर घालायला, गाड्या दुरुस्त करायला गेली.

घरात याचे काय होते, ते आपल्या खात्याच्या फायलींत दिसत नाही. आईला सरकारी आर्थिक मदत हवी असेल, तर तिला बापाचे नाव सांगून वसुलीला सहकार्य करावे लागते. तिने नाव दिले, त्याच्यावर हुकूम निघाला, आणि दोघांत आधीच ताणलेले नाते तुटले. तो मुलाला भेटायला यायचा बंद होतो, कारण रिकाम्या हाताने यायची लाज वाटते आणि पत्ता कळला तर समन्स यायची भीती. मुलाला फक्त एवढेच दिसते की बाप येत नाही. आई दोन पाळ्या करते, आजी उतारवयात पुन्हा डबे भरते. या आज्या नसत्या, तर उत्तर मिल्वॉकीतली किती घरे उघड्यावर पडली असती!

कृष्णवर्णीय बाप मुलांना सोडून जातो, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राचा २०१३ चा अहवाल पाहावा. मुलांबरोबर राहणाऱ्या बापांमध्ये लहान मुलाला रोज आंघोळ घालणे, कपडे घालणे, लंगोट बदलणे हे करणाऱ्या कृष्णवर्णीय बापांचे प्रमाण ७० टक्के निघाले, गोऱ्या बापांचे ६०. मायेत कमतरता नाही. आणि बापाला घराबाहेर ढकलण्यात सरकारचा हात जुना आहे. घरात पुरुष आढळला तर आईची मदत बंद करण्याचे नियम कित्येक राज्यांत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये अलाबामाच्या खटल्यात तो नियम मोडून काढला.

यातून बाहेर पडायची वाट विस्कॉन्सिनने स्वतःच दाखवली होती. १९९७ मध्ये गरीब कुटुंबांच्या आर्थिक मदतीची योजना बदलताना राज्याने ठरवले की बापाने भरलेली पोटगी सरकारने आईला दिलेल्या मदतीपोटी कापून न घेता पूर्ण मुलापर्यंत जाऊ द्यायची. मॅडिसनच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तुलना करून पाहिले : पैसा मुलाला मिळतो हे कळल्यावर बापांनी पोटगी जास्त भरली आणि पितृत्वाची नोंदही वाढली. नंतर राज्याने हात आखडता घेतला. कोलोरॅडोने २०१७ पासून पूर्ण रक्कम कुटुंबाला द्यायला सुरुवात केली. आपण सुरू केलेली गोष्ट दुसऱ्यांनी पुढे न्यावी आणि आपण मागे फिरावे, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून पहिल्या मागणीला जोडून आणखी काही. पोटगीचा प्रत्येक डॉलर मुलाच्या घरी जाऊ द्या. सरकारचे जे देणे बापाच्या नावावर साचले आहे, ते त्याने सलग काही महिने नोकरी टिकवली तर टप्प्याटप्प्याने माफ करा. ते माफ करणे राज्याच्या हातात आहे, कारण ते राज्याचेच येणे आहे. थकबाकीसाठी वाहन परवाना काढून घेणे बंद करा. आमच्या उपनगरांतल्या कारखान्यांकडे बस नीट जात नाही. महामार्गाच्या कामावरून झालेल्या खटल्यात २०१४ मध्ये राज्याने १ कोटी ३५ लाख डॉलर देऊन काही बसमार्ग सुरू केले होते, पैसे संपले तसे तेही बंद पडले. परवाना नाही आणि बसही नाही, अशा माणसाने सकाळी सहाच्या पाळीला माझ्याकडे कसे पोहोचायचे, याचे उत्तर मला मुलाखतीत देता येत नाही. ते आपण द्यावे. हे बसमार्ग राज्याच्या कायमच्या खर्चात धरावेत.

माझ्या भागाच्या विधिमंडळ प्रतिनिधींनाही प्रत पाठवली आहे. या विषयावर मिल्वॉकीत जाहीर सुनावणी लावलीत, तर मालकवर्गाच्या बाजूने साक्ष द्यायला मी येईन, आणि माझ्याबरोबर या उपनगरांतली आणखी मराठी माणसे आणीन.

आपला,
ब्रुकफिल्डमधील एक रहिवासी