पैसे एकदाच घे

पुणे,
२१ जून

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या रियाजाच्या ॲपमधला तानपुरा ऐकला. खर्जाची तार फार गोड लागली आहे. आता तुझा प्रश्न: दरमहा २९ रुपये घ्यायचे, की एकदाच ३०० घेऊन मोकळं व्हायचं? माझं मत विचारशील तर एकदाच घे.

तुझ्या क्लासातला मुलगा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत संगीताच्या सात परीक्षा देतो. वर्षाला एक धरली तरी सात वर्षं झाली. महिन्याला २९ म्हणजे वर्षाचे ३४८, सात वर्षांचे २,४३६. एवढे भरूनही एखाद्या महिन्यात वडिलांच्या खात्यात पैसे नसले, की पोराचा तानपुरा बंद, तोही परीक्षा तोंडावर असताना! इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आपण एकदा विकत घेतो, ती कधी भाडं मागत नाही. तुझं ॲप फोनवरच वाजतं, त्याला सर्व्हर लागत नाही की नेट लागत नाही. मग दरमहा पैसे कशाचे?

तुझी काळजी मला कळते. एकदा विकलं म्हणून काम संपत नाही. २०१७ साली आयफोनची आयओएस ११ ही नवी प्रणाली आली आणि जुन्या, ३२ बिट पद्धतीने बनवलेली ॲप्स उघडेनाशी झाली. त्यातली कितीतरी लोकांनी पैसे मोजून घेतलेली होती. गूगललाही ठरावीक काळाने नव्या अँड्रॉइडला जुळवून घेतलेलं ॲप लागतं. पूर्वी सीडीवरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुन्या गिऱ्हाइकाला ती सवलतीत मिळायची. ॲपलने आपल्या स्टोअरमध्ये तशी सोयच ठेवली नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. जुन्या गिऱ्हाइकाकडून नव्या कामाचे पैसे घ्यायला सरळ वाट नाही, म्हणून छोटे डेव्हलपर सबस्क्रिप्शनकडे ढकलले गेले. त्यात २०१६ मध्ये ॲपलने सबस्क्रिप्शन सगळ्या प्रकारच्या ॲप्सना खुलं केलं, आणि गिऱ्हाईक वर्षभर टिकलं तर पुढे कमिशन ३० ऐवजी १५ टक्के असं आमिषही दाखवलं.

तू असं कर. ॲप फुकट उतरवू दे, त्यात एक तानपुरा आणि त्रिताल ठेव. बाकीचं सगळं आतल्या एकदाच्या खरेदीने उघडू दे. (प्ले स्टोअरवर एकदा फुकट ठेवलेलं ॲप पुढे विकतचं करता येत नाही, म्हणून खरेदी आतच हवी.) पुढे लेहरे (तबल्याच्या साथीला वाजणाऱ्या सुरावटी) किंवा झपताल, रूपकचे नवे ठेके रेकॉर्ड केलेस तर त्यांचा वेगळा संच वेगळ्या किमतीला विक. त्यामागे तुझी मेहनत असेल, त्याचे पैसे हक्काने माग. उद्या विद्यार्थ्यांची रेकॉर्डिंग सर्व्हरवर ठेवून गुरुजींकडून तपासून देणार असलास, तर मात्र त्या सेवेची वर्गणी जरूर घे.

विकलेलं परत काढून घेऊ नकोस, एवढं पाळ. नोटॅबिलिटी या टिपणं काढायच्या ॲपने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या खरेदीदारांना वर्षभरानंतर वर्गणी भरायला सांगितलं होतं. लोक इतके भडकले की त्यांना लगेच माघार घ्यावी लागली.

रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमामुळे वर्गणी कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, हे खरं आहे. पण माझ्या मावशीला दिवसभरात इतके मेसेज येतात की ती ते उघडतच नाही. भजनांचं एक ॲप तिने फोनवरून काढून टाकलं, तरी पैसे जातच राहिले. ॲप काढलं की वर्गणीही थांबली, असं तिला वाटलं, आणि कुणालाही तसंच वाटेल. तुझ्या विद्यार्थ्यांच्या घरी असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

गुरुपौर्णिमेला ॲप लोकांसमोर आणायचं म्हणतोस, तर त्याआधी खरेदीची सोय घातलेली आवृत्ती मला पाठव. माझ्या जुन्या फोनवर विलंबित लयीत ठेका सरकतो की काय, तेही बघून कळवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रमोद