‘किती आठवडे’ याबरोबर ‘कसे मोजले’ हेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखादा मोठा खेळाडू निवृत्त झाला की क्रीडा पानावर ‘सर्वाधिक काळ अव्वल’ अशी चौकट हमखास येते. टेनिसचा जोकोविच 428 आठवडे, गोल्फचा टायगर वुड्स 683 आठवडे, बुद्धिबळातला कास्पारोव्ह 255 महिने, सगळे एकाखाली एक. आकडे बहुधा बरोबर असतात, पण मोजायची पट्टी प्रत्येक खेळात वेगळी असते आणि तिचा पत्ता चौकटीत नसतो.

आधी ‘एकूण’ की ‘सलग’ एवढे तरी लिहावे. फेडरर एकूण 310 आठवड्यांवर थांबला, म्हणून जोकोविचच्या खाली. सलग मोजले तर फेडररचे 237 आठवडे (फेब्रुवारी 2004 ते ऑगस्ट 2008), जोकोविचची सर्वांत लांब मालिका मात्र 122 आठवड्यांची. महिलांत स्टेफी ग्राफ आणि सेरेना विल्यम्स दोघीही सलग 186 वर बरोबरीत आहेत. एकुणात ग्राफ 377, सेरेना 319.

टेनिसची क्रमवारी मागच्या 52 आठवड्यांची असते. विम्बल्डन जिंकणाऱ्याला 2000 गुण मिळतात आणि ते वर्षभराने आपोआप वजा होतात. पुन्हा जिंकला तर खात्यात वाढ शून्य. उपांत्य फेरीत हरला तर आजच्या नियमाने 800 मिळतात, म्हणजे 1200 गुणांचा खड्डा. बालेवाडीला होणारी महाराष्ट्र ओपन 250 गुणांची होती, यावरून 2000चे वजन ध्यानात यावे. अव्वल राहणे म्हणजे दर आठवड्याला जुने कर्ज फेडणे.

यात अपवादही भरपूर. 2022मध्ये विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातली, म्हणून संघटनांनी त्या स्पर्धेचे गुणच काढून घेतले. स्पर्धा जिंकणारा जोकोविच तिसऱ्यावरून सातव्या स्थानावर घसरला आणि ज्याला खेळूच दिले नाही तो मेदवेदेव पहिला राहिला! 2020मध्ये कोरोनामुळे क्रमवारी गोठवली होती, तेव्हा जोकोविचच पहिला होता; पण ते आठवडे त्याच्या 428मध्ये धरलेले नाहीत.

गोल्फमध्ये हिशेब दोन वर्षांचा. गुण पहिले 13 आठवडे पूर्ण किमतीचे, मग दर आठवड्याला थोडे थोडे झिजत जातात आणि बेरजेला स्पर्धांच्या संख्येने भागतात (भाजक किमान 40). त्यामुळे एकदा मोठी आघाडी घेतली की ती हळूहळूच उतरते. वुड्स नोव्हेंबर 2009पासून एप्रिल 2010पर्यंत मैदानाबाहेर होता, 2010मध्ये एकही स्पर्धा जिंकला नाही, तरी ऑक्टोबरअखेरपर्यंत पहिला होता. यात त्याचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही, पण त्याच्या 683 शेजारी टेनिसचे 428 ठेवून तुलना करू नये.

बुद्धिबळात तर रेटिंगला, म्हणजे खेळाडूच्या गुणांकाला, मुदतच नाही. कास्पारोव्ह मार्च 2005मध्ये निवृत्त झाला, पण जानेवारी 2006च्या यादीतही 2812 गुणांसह तोच वर होता. निष्क्रिय ठरवून काढल्यावर एप्रिलमध्ये तोपालोव्ह पहिला आला. शिवाय कास्पारोव्हच्या उमेदीच्या काळात यादी वर्षातून दोनदाच निघे, म्हणजे एका यादीचे एकदम सहा महिने. नंतरचा अव्वल बुद्धिबळपटू कार्लसन याच्या काळात ती दरमहा निघू लागली.

संघांचेही तसेच. 1 मे 2020 रोजी लॉकडाऊनमध्ये एकही चेंडू न टाकता भारत कसोटीत पहिल्यावरून तिसऱ्यावर गेला, कारण वार्षिक फेरआखणीत 2016-17चा हंगाम हिशेबातून गळला आणि त्या हंगामात आपण 12 कसोटी जिंकलो होतो.

तेव्हा चौकटीखाली एक बारीक ओळ द्यावी: एकूण की सलग, गुण किती काळ टिकतात, यादी किती दिवसांनी निघते. आणखी एक. शुक्रवारी उपांत्य सामना संपताच ‘अव्वल स्थानी झेप’ असा मथळा येतो. ते थेट गणित असते. अधिकृत यादी सोमवारी निघते आणि आठवडे तिथूनच मोजतात. दोन आठवडे चालणाऱ्या विम्बल्डनच्या मधल्या सोमवारी नवी यादी निघत नाही, पण तो आठवडा जुन्या अव्वल खेळाडूच्या खात्यात जमा होतो. आठवडे मोजताना नेमका तोच सुटतो.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, पुणे