मापाच्या चमच्यांचीही पडताळणी व्हावी: केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

दूधवाल्याच्या लिटरच्या मापावर वैधमापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का असतो आणि दोन वर्षांतून एकदा त्याची फेरपडताळणी करावी लागते. 2009 च्या वैधमापन शास्त्र कायद्याखालची ही अट खरेदी-विक्रीच्या मापांना आहे. घरगुती वापराचे मापाचे कप आणि चमचे तिच्या बाहेर राहतात, मग त्यांच्यावर ‘5 मिली’ ठळक छापलेले का असेना.

जुलाब झालेल्या मुलासाठी घरी जलसंजीवनी करताना एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालायला सांगतात. हा चमचा 5 मिलीचा धरलेला असतो. अर्ध्या चमच्यात सुमारे 3 ग्रॅम मीठ बसते. चमचा 7 मिलीचा निघाला, तर मीठ 4 ग्रॅमच्या वर जाते. अंगातले पाणी गेलेल्या बाळाला हे जादा मीठ धोक्याचे आहे.

कपाची अडचण वेगळी. मेट्रिक कप 250 मिलीचा, अमेरिकी सुमारे 237, जपानी 200, आणि राइस कुकरसोबत मिळणारा 180 मिलीचा. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घेताना वाटी कोणतीही चालते, कारण तिथे प्रमाणच महत्त्वाचे. केकमध्ये मात्र मैदा कपाने, बेकिंग पावडर चमच्याने आणि अंडी नगावर मोजतात. तिथे कप बदलला की सगळे गणित बिघडते.

तपासणी अवघड नाही, पण काळजीने करावी लागते. 30 अंश सेल्सिअसला 1 मिली पाणी 0.996 ग्रॅम भरते, म्हणजे 250 मिलीच्या कपात सुमारे 249 ग्रॅम पाणी मावायला हवे. कप कोरडा करून काट्यावर ठेवावा, आकडा शून्यावर आणावा आणि काठापर्यंत भरावा. चमच्यासाठी 1 ग्रॅमपर्यंतच दाखवणारा घरगुती काटा निरुपयोगी, कारण 5 मिलीवर 1 ग्रॅमची चूक म्हणजे 20 टक्के. तिथे 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा, चमचा आधी ओला करून झटकावा, दहा वेळा भरून हलक्या भांड्यात ओतावा आणि बेरजेला दहाने भागावे.

खरी फसगत होते ती पाण्याला येणाऱ्या शिगेमुळे. पृष्ठताणामुळे पाणी काठाच्या वर फुगून राहते. 4.5 सेंटिमीटर तोंडाच्या 15 मिली चमच्यावर ही शीग सरासरी एक मिलिमीटर असली, तरी दीड मिली पाणी जास्त येते. म्हणजे दहा टक्के चूक. म्हणून काठावरून काचेची सपाट पट्टी सरकवून जादा पाणी काढावे. पट्टीखाली बुडबुडा दिसला तर पुन्हा भरावे. काठ वाकडा असेल तर पाणी खालच्या बाजूने आधीच सांडते. असा चमचा बादच धरावा.

रेषा छापलेल्या कपात दोष बहुधा छपाईचा असतो. 9 सेंटिमीटर व्यासाच्या सरळ कपावर रेषा एक मिलिमीटर सरकली की सहा मिलीहून अधिक फरक पडतो. 500 च्या रेषेवर तो फारसा जाणवणार नाही, पण 50 च्या रेषेवर तेरा टक्क्यांच्या घरात जातो. तपासनीसाने सर्वांत खालची रेषा आधी पाहावी.

आमची मागणी अशी. घरगुती मापांवर मिलीचा आकडा सक्तीचा करा. नुसते ‘1 कप’ चालू देऊ नका. माप काठापर्यंत धरायचे की रेषेपर्यंत, हेही त्यावर लिहिलेले असावे. चमच्यांना पाच आणि कपांना तीन टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालेल, अशी मर्यादा नियमांत घाला. दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडून नमुने घेऊन ते नागपूरच्या प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि निकाल उत्पादकाच्या नावासह जाहीर करा. घरोघरी निरीक्षक पाठवा, असे आमचे म्हणणे नाही. कारखान्यातला साचा झिजला की त्यातून निघणारा प्रत्येक चमचा चुकतो, म्हणून तपासणी तिथेच व्हायला हवी.

आपले,
मापे आणि पाककृती यांच्याशी रोजचा संबंध असलेले काही नागरिक