देऊन टाकायची बॅटरी

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "वापरून फेकायची बॅटरी? आपल्या घरात आजवर कोणी काही फेकलंय का?" मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. गेले आठ महिने ज्या वस्तूमागे लागलेय, ती तुम्हा दोघांना पटवून देता येत नसेल, तर बाकी कोणाला काय पटवणार? म्हणून हे पत्र. सोबत खोकं आहे, त्यात सहा बॅटऱ्या आहेत. आधी पत्र वाचा, खोकं मग उघडा.

पूर, वादळ, भूकंप झाला की मदतीची पाकिटं वाटली जातात. त्या प्रत्येक पाकिटात घालता येईल इतकी स्वस्त बॅटरी, म्हणजे हातात धरायचा विजेचा दिवा, करायची, हे माझं काम. मोबाईलला असतेच की, असं बाबा म्हणाले. असते. पण वीज चार दिवस नसेल तर मोबाईलमधलं चार्जिंग माणसाला घरच्यांचा आवाज ऐकायला हवं असतं. ते जिना उतरण्यात संपवायचं नाही. शिवाय ही बॅटरी अशी हवी की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात ठेवून विसरून जाता यावं. परत मागायची नाही, हरवली तर हळहळायचं नाही. तेव्हा बाबा, ही टाकून द्यायची बॅटरी नाही, देऊन टाकायची आहे. कागदोपत्री तिला 'डिस्पोजेबल' म्हणतात, आणि त्या शब्दाशी माझंही रोज भांडण होतं.

सुरुवातीला मी केलेली बॅटरी अगदीच वेगळी होती. जहाजावरच्या लाइफ जॅकेटला एक छोटा दिवा असतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो किमान ०.७५ कँडेला इतका उजेड निदान ८ तास देऊ शकला पाहिजे. त्यातले काही दिवे समुद्राचं पाणी लागलं की आपोआप पेटतात. हे वाचून मी भारावून गेले होते. बटण नाही, काही नाही, एकदा पेटला की संपेपर्यंत जळणार. माझी पहिली बॅटरीही तशीच होती: प्लॅस्टिकची पट्टी ओढायची, दिवा लागला, आता तो विझवता येत नाही. बटण गेलं म्हणजे एक भाग गेला, बिघडायची एक जागा गेली आणि पैसेही वाचले.

ती मी दिवाळं निघेपर्यंत ताणली असती, पण एकदा घरी आले होते तेव्हा आईला दाखवली. आई, तू ती हातात घेतलीस, उलटसुलट करून पाहिलीस आणि म्हणालीस, "म्हणजे एकदा ओढली की संपली? मग मी नाही बाई ओढणार. आणखी गरज लागेल तेव्हासाठी ठेवीन." मी खूप वेळ गप्प बसले होते, आठवतं? तू काळोखात बसून राहिली असतीस आणि बॅटरी उशाशी तशीच पडून राहिली असती. समुद्रात पडलेल्या माणसाला 'आणखी गरज' नसते, घरातल्या माणसाला ती कायम असते. दुसरं म्हणजे, जी लावून बघता येत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आठ महिन्यांतला हा सगळ्यात मोठा धडा तू एका वाक्यात दिलास. बटण परत आलं.

पण कसं बटण? इथे मला बाबांची जुनी बॅटरी आठवली, तीन सेलची, पत्र्याची. तळहातावर दोनदा आपटल्याशिवाय ती कधी लागलीच नाही. लहानपणी मला तो बाबांच्या हाताचा गुण वाटायचा. खरं कारण हे की धातूच्या पट्टीवर हवेने आणि दमटपणाने ऑक्साइडचा पातळ थर चढतो, वीज तिथे अडते. आपटलं की पट्टी किंचित सरकते, घासली जाते, थर फाटतो, आणि दिवा लागतो. बिघडलेल्या बॅटऱ्या मी ढिगाने उघडून पाहिल्या. दिवा जाऊन बंद पडलेली जवळजवळ नव्हतीच. बटणाशी किंवा सेलच्या टोकाशी संबंध तुटलेल्या आणि सेल फुटून सडलेल्या, अशाच बहुतेक होत्या.

मग मी ते आपटणंच आत घालून ठेवलं. नव्या बॅटरीत कळ दाबली की पितळेची पट्टी सेलच्या टोकावर नुसती टेकत नाही, टेकून साधारण दोन मिलिमीटर घसरते. दर वेळी लावताना ती स्वतःला घासून साफ करते. स्विच करणारे याला 'वायपिंग' म्हणतात, माझ्यासाठी ते बाबांचं आपटणं आहे. पट्टीला दिलेला तो बाक बघायचा असेल तर बॅटरी उघडा, नखाने उघडते.

सेलचं सांगायला हवं, कारण सगळा खर्च तिथे आहे. मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: सेल सोडून बाकी सगळं मिळून सेलपेक्षा स्वस्त पडलं पाहिजे. सगळ्यात लहान आणि सोपी बॅटरी होते ती नाण्यासारख्या बटण सेलची. ३ व्होल्ट मिळतात, एलईडीचे दोन पाय त्याच्या दोन बाजूंना टेकवले की झालं. मी तशी करून पाहिली, दिसायलाही गोड होती. आणि मग दादाची लेक डोळ्यापुढे आली, हाती येईल ते तोंडात घालणारी. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते, आणि २ तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ज्या घरात आधीच अंधार आणि गोंधळ आहे, तिथे असली वस्तू मी पाठवणार नाही. काहींनी समजावलं की झाकणाला स्क्रू लावू. मी ऐकलं नाही.

साधे झिंक-कार्बनचे सेल सगळ्यात स्वस्त. पण त्यांचा बाहेरचा जस्ताचा डबा हाच त्यांचा ऋण ध्रुव असतो. सेल वापरला जातो तसतसा तो डबाच झिजतो आणि आतलं रसायन बाहेर येतं. बाबांच्या बॅटरीची स्प्रिंग ज्या पांढऱ्या-हिरव्या पुटाने खाल्ली ते हेच. म्हणून अल्कलाइन घेतला, पेन्सिल सेल म्हणतो तो. चांगला अल्कलाइन सेल न वापरता १० वर्षांपर्यंत टिकतो.

एकच सेल का, दोन का नाहीत? पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. दोन सेल एकामागे एक लावले की नेमके ३ होतात आणि मध्ये कसलंच सर्किट लागत नाही. स्वस्तात स्वस्त मार्ग तोच. पण सेल जरा उतरले, प्रत्येकी १.३ व्होल्टपर्यंत आले, की उजेड मंदावतो, आणि सेलमध्ये बरीच शक्ती शिल्लक असतानाच माणूस ती बॅटरी फेकून देतो. बाबा, तुमच्या प्रश्नातलं दुखणं मला इथेच सगळ्यात जास्त जाणवलं. अर्धा भरलेला सेल कचऱ्यात! म्हणून एक सेल, आणि त्याच्याबरोबर चार पायांची एक चिमुकली चिप आणि तांब्याची एक कॉइल. अंगणात लावायच्या सोलर दिव्यांत असतात त्याच. चिप कॉइलमधला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. प्रवाह तुटताना कॉइल जो धक्का देते, त्यातून १.५ व्होल्टचे ३ होतात. सेल १ व्होल्टच्या आसपास येईपर्यंत दिवा जळत राहतो. सेल जवळजवळ पिळून घेतला जातो.

हिशोब असा. एका सेलमध्ये साधारण ३ वॉट-तास वीज धरा. एलईडीला ०.०६ वॉट लागतात, चिप आणि कॉइलमध्ये थोडी वाया जाते, म्हणजे सेलमधून ०.०८ वॉट. म्हणजे सलग ३५ तासांच्या वर. रोज रात्री पाच तास लावली तर आठवडाभर पुरते, आणि शेवटी एकदम विझत नाही, हळूहळू मंद होत जाते, माणसाला सावध व्हायला वेळ देते.

उजेड फार नाही, हे आधीच सांगते. जेमतेम ५ ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). पण ते एक चौरस मीटर जमिनीवर पसरले तर ५ लक्स होतात; लक्स म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचं माप. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. वीज गेल्यावर इमारतींतून बाहेर पडायच्या वाटेसाठी युरोपीय मानक जमिनीवर किमान १ लक्स मागतं. म्हणजे पायरी दिसायला ५ लक्स पुरतात. आणि तुमच्या डोळ्यांचा विचार मी मुद्दाम केला. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं. मग झगझगीत निळसर दिवा लावावा, असं कोणालाही वाटेल. पण तो उजेड वयस्कर डोळ्यात जास्त विखुरतो आणि नुसता चमकतो. शिवाय अंधाराला सरावलेले डोळे एका झोताने बिघडले, तर पुरते सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून मी पिवळसर एलईडी घेतला आणि खोळ दुधाळ ठेवली. उभी करून ठेवली की ती स्वतःच कंदिलासारखी उजळते आणि छतावरही थोडा उजेड पडतो. चालताना मात्र खाली, गुडघ्याच्या उंचीवर धरा. तिरक्या उजेडात पायरीच्या कडेची सावली पडते, वरून मारलेल्या झोतात पायरी सपाट दिसते.

आता खोळ. शांपूच्या बाटलीचं झाकण उघडताना जिथे दुमडतं ती पातळ पट्टी नीट बघा. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची ती पट्टी हजारो वेळा वाकवली तरी तुटत नाही. माझी अख्खी खोळ तशी एकाच तुकड्याची आहे. साच्यातून पुस्तकासारखी उघडी निघते, आत सेल आणि दिवा ठेवायचा, मिटायची, टक्कन बसते. स्क्रू नाही, गोंद नाही. इथे माझा वाद झाला. वरिष्ठांचं म्हणणं होतं, कडा कायमच्या चिकटवून टाक, मजबूत होईल, आणि लोक उघडून बघणार नाहीत. मला लोकांनी उघडून बघायलाच हवं आहे. सेल संपला की तो वेगळा काढून जिथे सेल जमा करतात तिथे द्यायचा, आणि हाताशी दुसरा असेल तर तो घालायचा. चिप, कॉइल आणि एलईडी वर्षानुवर्षं चालतील, त्यांनी एका सेलबरोबर का मरायचं? महिनाभर वाद घातला आणि खोळ उघडता येणारीच राहिली. बाबा, हा निर्णय तुमचा आहे असं समजा.

इंग्रजीत हिला 'फ्लॅशलाइट' म्हणतात, त्याचं कारण मला नुकतंच कळलं. डेव्हिड मिसेल यांना तिचं पेटंट १० जानेवारी १८९९ला मिळालं. तेव्हाचे सेल इतके दुबळे होते की दिवा सलग जळायचाच नाही, क्षणभर चमकवायचा आणि विसावा द्यायचा. तिथून ३५ तासांपर्यंत आलो ते निळ्या एलईडीमुळे. त्याच्यावर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. तो शोधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. माझं काम त्यांच्या कामाच्या टोकाला लटकलेलं आहे, एवढंच.

कळीचं मात्र अजून जमलेलं नाही, तिथे तुमची मदत हवी. आधी कळ दाबून धरावी लागायची. आई, तू अर्ध्या मिनिटात अंगठा सोडलास. तू काही बोलली नाहीस, पण सांधा चोळताना मी पाहिलं. आता कळ रुंद आहे आणि दाबली की अडकून राहते. ओल्या हाताने करून बघ, डाव्या हाताने करून बघ, झोपेतून उठल्या उठल्या करून बघ. मला बरं वाटावं म्हणून चांगली आहे असं सांगू नकोस. कुठे दुखलं तेवढं सांग.

खोक्यातल्या चार बॅटऱ्या वापरायच्या. पारदर्शक पट्टी ओढून काढलीत की कळ दाबल्यावर त्या लागतील. एक जिन्यापाशी, एक उशाशी, एक बाबांनी पूर्ण खोलून बघायला. चौथी कोणाला तरी देऊन टाका, आणि ती व्यक्ती काय म्हणाली ते मला कळवा.

उरलेल्या दोघींना लाल दोरा बांधलाय. त्यांची पट्टी काढू नका. एक कपाटात ठेवा आणि एक न्हाणीघरात, जिथे सगळ्यात जास्त ओल असते तिथे. वर तारीख लिहिली आहे. पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा दिवे मालवून आपण तिघं त्या लावू. आणि बाबा, तेव्हा आपटायचं नाही.

तुमची,
धाकटी