वीरगळांची वेबसाइट कशावर उभी करावी? मित्रास पत्र

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन झाल्यापासून आठवडाभर डोक्यात तेच घोळतंय. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यानं लिहून भागणार नाही, म्हणून सरळ पत्र लिहायला बसलो. तू विचारलंस, वीरगळांच्या, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांच्या, नोंदी वेबसाइटवर चढवायच्यात, साइट चालवायची प्रणाली म्हणून जो तो वर्डप्रेस म्हणतोय, तुझं काय मत? माझं मत सांगतो, पण त्याआधी मला गुरुजी डोळ्यांसमोर येतात. निवृत्तीनंतर इतकी वर्षं ऊन-पाऊस न बघता वाई, कोरेगाव, खटावकडची गावं पालथी घालून त्यांनी त्या वह्या भरल्या. नोंदी तेच टाइप करणार, चुका तेच दुरुस्त करणार, कारण तुझी कंपनीतली शिफ्ट आणि तुमच्या मंडळातल्या बाकी दोघांची शेती. तेव्हा गुरुजींना कुणालाही फोन न करता जे चालवता येईल, ते घ्यायचं. आणि सगळं साहित्य एका हातानं उचलून दुसरीकडे नेता आलं पाहिजे. या दोन गोष्टींवर मी अडून बसणार आहे.

दुसरी गोष्ट मी का म्हणतो, ते तुला ठाऊक आहे, पण सगळं कधी सांगितलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. इथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. आमचं वाचनालय तळमजल्यावर. हाताला लागतील ती पुस्तकं आम्ही वरच्या मजल्यावर नेली, खालच्या दोन फळ्या राहिल्या त्या राहिल्याच. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता कुणीतरी म्हणालं, वेबसाइटवर टाकूया, वाचनालय कधी उघडणार, कुणाला मदतीला यायचं असेल तर कुठं यायचं. पासवर्ड कुणाकडेच नव्हता. साइट एका ओळखीच्या माणसानं हौसेनं करून दिली होती, तो परगावी गेलेला, नंबर बदललेला. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की मेल त्याच्याच पत्त्यावर जायचा. पुढं डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नूतनीकरणाचे मेलही त्यालाच गेले असणार, कारण वर्षभरात ते नाव सुटलं आणि दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. आमच्या वाचनालयाच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसायला लागल्या. व्याख्यानमालेचे अकरा वर्षांचे वृत्तांत त्यावर होते. इंटरनेट अर्काइव्हवर, जिथं जुन्या वेबपानांच्या प्रती साठवतात, शोधून शोधून मी काही पानांचा मजकूर परत मिळवला, पण फोटो बहुतेक गेले ते गेलेच. त्या फोटोंत आज हयात नसलेली माणसं होती, बंडू. त्याचं दुःख अजून जात नाही.

ती साइट वर्डप्रेसवर होती, पण त्यात वर्डप्रेसचा दोष नव्हता, हे आधीच सांगतो. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या, काम थांबलेल्या प्रणालीवरून ते पुढं नेलं आणि आज जगातल्या कितीतरी साइट त्यावर चालतात. मराठीतही वापरता येतं. अडलं तर सांगलीत काय नि साताऱ्यात काय, गल्लीत एक तरी माहीतगार सापडतो. पण त्याची रचना नीट समजून घे. लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये जातो, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, दिसण्याची व्यवस्था थीममध्ये आणि बाकी सोयी प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. बॅकअप घ्यायचा तर डेटाबेस आणि फाइली दोन्ही, एकाच वेळचे. प्लगइन लिहिणारे दहा जण दहा ठिकाणचे, एखाद्यानं काम सोडलं की त्यातलं सुरक्षेचं भोक तसंच राहतं, आणि असलं भोक असलेल्या साइट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. महिन्यातून दोनदा अपडेट बघणारा माणूस असेल तर काही भीती नाही. तुमच्या चौघांत तो कोण, एवढं प्रामाणिकपणे ठरव.

जूमला आणि द्रुपल या अशाच दुसऱ्या प्रणाली मी बाजूलाच ठेवल्या. द्रुपल २००१ पासूनचा, ताकदीचा, पण दीडशे-दोनशे नोंदींसाठी कशाला? ह्यूगो मात्र मला मनापासून आवडतो. त्यात आपल्या संगणकावर पानं तयार होतात आणि सर्व्हरवर नुसती तयार पानं चढतात. लॉगिनच नाही, तर फोडायचं काय? तू एकटा असतास तर मी तेच सुचवलं असतं. पण काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायला गुरुजींना बसवायचं, हे मला पटत नाही.

मग मी एक केलं. वर्डप्रेस आणि ग्रॅव्ह नावाची आणखी एक प्रणाली, दोन्ही माझ्या लॅपटॉपवर उभे केले आणि आमच्या ग्रंथपाल ताईंना बसवलं. वय साधारण गुरुजींच्या आसपास, टायपिंग सफाईदार, बाकी संगणकाशी कामापुरतं नातं. तू पाठवलेला किकलीच्या भैरवनाथ मंदिराजवळचा वीरगळ दिला आणि म्हटलं, ताई, ही नोंद करा. वर्डप्रेसमध्ये २०१८ च्या डिसेंबरपासून लिहिण्याची पद्धत बदलली, प्रत्येक परिच्छेद म्हणजे वेगळा ब्लॉक. ताईंनी चार ओळी लिहिल्या, वरची ओळ वाचायला गेल्या तर तिच्यावर ब्लॉकची पट्टी येऊन बसलेली. "अहो सर, मी वाचतेय त्याच ओळीवर ही येऊन बसते." फोटो मजकुराशेजारी घ्यायला गेल्या तर खणांचं, म्हणजे दगडावर एकावर एक कोरलेल्या चौकटींचं, वर्णन फोटोच्या खाली आणि गावाचं नाव वर असं काहीतरी झालं. हे सवयीनं जमतं, मला मान्य आहे. पण दोनशे नोंदींत दोनशे वेळा मांडणी सांभाळायची म्हटल्यावर माणूस वीरगळाकडे कमी आणि पट्टीकडे जास्त बघणार.

ग्रॅव्ह २०१४ मध्ये आलेलं, फुकट, आणि त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पानाचा एक फोल्डर, त्यात एक साधी मजकुराची फाइल आणि त्या पानाचे फोटो, बस्स. मला त्यातली जी गोष्ट भावली ती पुढं आहे. पानाच्या प्रकाराला आपल्याला हवा तसा फॉर्म बांधता येतो. त्या फॉर्मची फाइल एकदाच लिहायची. मी गुरुजींच्या वहीतलेच रकाने घेतले: गाव, तालुका, जागा, खण किती, खालच्या खणात काय, मधल्यात काय, वरच्यात काय, सूर्य-चंद्र आहेत का, कलश आहे का, सतीचा हात आहे का, शेंदूर किंवा ऑइलपेंट लावलाय का. सगळी नावं मराठीत. ताईंनी फॉर्म बघितला आणि काही न विचारता भरायला लागल्या. खालच्या खणात पडलेला वीर, मधल्यात त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. 'गायी कोरल्या आहेत का' हा रकाना मी विसरलो होतो, तो त्यांनीच सुचवला. गोधन सोडवताना मेलेल्या वीराचा दगड कसा ओळखायचा, हे त्यांनी व्याख्यानात ऐकलं होतं. वर्डप्रेसमध्येही असे रकाने करता येतात, पण त्यासाठी बहुतेक वेळा आणखी एक प्लगइन आलं, म्हणजे सांभाळायला आणखी एक जीव.

सेव्ह केल्यावर मी तो फोल्डर उघडला आणि फाइल नोटपॅडमध्ये ताईंना दाखवली. 'गाव: किकली', 'खण: ३', खाली वर्णन. ग्रॅव्ह नाही, इंटरनेट नाही, नुसती फाइल, आणि तरी सगळं वाचता येतंय. उद्या ग्रॅव्हचं काम थांबलं तरी गुरुजींचं काम वाचता येईल. अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला की झाला बॅकअप. पूर आला तर खिशात घालून वरच्या मजल्यावर जाता येईल, असं माझ्या मनात आलं आणि माझं तिथंच ठरलं.

आता उणं काय तेही सांगतो. ग्रॅव्ह जाणणारी माणसं आपल्याकडे कमी. मी नसेन तेव्हा तुला शोधावं लागेल. अपडेट त्यालाही लागतात, आणि आवृत्ती १.७ ला सर्व्हरवर पीएचपी ही भाषा ७.३.६ किंवा त्यापुढची हवी, तेव्हा होस्टिंग, म्हणजे साइटसाठी सर्व्हरवरची जागा, घेताना आधी विचार. मजकूर मार्कडाउन पद्धतीनं, म्हणजे साध्या मजकुरातच खुणा घालून, लिहायचा असतो, त्यात एकदाच एंटर मारलं तर पान दिसताना दोन्ही ओळी जुळून एक होतात. एखाद्या दगडावर अक्षरं असली आणि गुरुजींनी ती ओळीला ओळ उतरवली, तर सगळा लेख सलग दिसेल आणि ते हळहळतील. त्यावर सेटिंगमध्ये 'ऑटो लाइन ब्रेक' चालू करायचं, मी करून देतो. आणि पुढं कधी वर्गणी गोळा करणं, सभासद नोंदणी असलं काही काढलंत, तर तेव्हा वर्डप्रेसचा विचार पुन्हा कर.

देवनागरीचं एक बघ. नोंदीचं नाव मराठीत दिलं की वर्डप्रेस त्या पानाचा वेबवरचा पत्ताही मराठीतच बनवतं. दिसायला छान, पण आत प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक मात्रेचीही नऊ-नऊ चिन्हं होतात. 'किकली' एवढ्या शब्दाची पंचेचाळीस. मर्यादा दोनशे, म्हणजे बाविसाव्या अक्षर-मात्रेच्या आसपास पत्ता तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. तेव्हा कुठलीही प्रणाली घेतलीस तरी पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा ठेव, गावाचं नाव आणि क्रमांक. शीर्षक मात्र मराठीतच.

आणि गुरुजींनी पूर्वी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून घेतलेली पानं आहेत ना, ती तशीच चिकटवू नकोस. त्या जुन्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. साइटवर ते कुणाला वाचता येणार नाही, शोधात सापडणार नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करून मग एकदा डोळ्यांखालून घालायचं, विशेषतः रफार आणि जोडाक्षरं.

फोटोंबद्दल कळकळीनं सांगतो. फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, गावात रेंज कमी, पान उघडायच्या आत माणूस निघून जाईल. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणली की पुष्कळ, मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर जपून ठेव. आणि लोकेशन चालू असेल तर पुष्कळ फोन फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतात. माळावर एकटा पडलेला वीरगळ, आसपास वस्ती नाही, अशा दगडाचा नेमका ठिकाणा जगाला देऊ नये असं मला वाटतं. साइटवर गाव द्या, बिंदू वहीत राहू दे. चढवण्यापूर्वी ती माहिती काढून टाकायची, ते एका मिनिटाचं काम आहे, गुरुजींना दाखवतो.

डोमेन मंडळाच्या नावावर आणि मंडळाच्या मेलवर घ्या, माझ्या नाही, तुझ्याही नाही. पासवर्ड एका वहीत लिहून ती वही दोन घरांत ठेवा. नूतनीकरणाची तारीख गुरुजींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं.

पुढच्या शनिवारी सकाळच्या एस.टी.नं साताऱ्यात येतो. लॅपटॉपवर फॉर्म तयार असेल. पहिली नोंद मी करणार नाही, तूही करायची नाहीस. गुरुजींनी स्वतः बसून करावी, कुठला दगड पहिला घ्यायचा ते त्यांनाच विचारून ठेव. त्यांच्या वह्यांतला पहिला वीरगळ कुठल्या गावचा, हे मला कधीपासून विचारायचंय. त्यांचा चष्म्याचा नंबर वाढलाय असं तू म्हणालास, तर तुझ्याकडचा मोठा मॉनिटर तेवढा त्यांच्या घरी नेऊन ठेव.

भडंग घेऊन येतोय, वहिनींना सांग. काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच,
बापू